वृद्धाश्रमांतील संभाषण आणि निरीक्षकाची वही

वृद्धाश्रमांची प्रत मोजण्याची आपल्याकडील रीत अजून प्रामुख्याने वास्तूची आणि वस्तूंची आहे. खाटा किती, स्नानगृहे किती, डॉक्टर आठवड्यातून कितीदा येतो, आहारात दूध आहे की नाही, हे तपासनीस टिपून नेतो. माता-पिता व ज्येष्ठ नागरिक यांच्या निर्वाहासंबंधीच्या २००७ च्या कायद्याचे १९ वे कलम प्रत्येक जिल्ह्यात किमान १५० निर्धन वृद्धांची सोय होईल असा वृद्धाश्रम कल्पिते, आणि आश्रमांच्या व्यवस्थापनाची व सेवांची मानके ठरविण्याचा अधिकार राज्य शासनांना देते. मात्र ज्या गोष्टीने वृद्धाचा दिवस घडतो किंवा बिघडतो, ती, म्हणजे सकाळी उठविणाऱ्या, न्हाऊ घालणाऱ्या, घास भरविणाऱ्या माणसाचे त्याच्याशी होणारे बोलणे, कोणत्याही तपासणीपत्रकात सहसा आढळत नाही. याचे कारण केवळ अनास्था आहे असे नव्हे. बोलणे मोजावे कसे, हाच मुळात अवघड प्रश्न आहे. आणि तो जितका परिचर्याशास्त्राचा आहे तितकाच भाषेच्या अभ्यासकांचाही आहे, ही गोष्ट अद्याप पुरेशी ध्यानात आलेली दिसत नाही.

पश्चिमेकडे या प्रश्नाचा इतिहास बराच जुना आहे. पीटर टाउनसेंड यांनी इंग्लंड व वेल्समधील १७३ वृद्धगृहांना भेटी देऊन लिहिलेला ‘द लास्ट रेफ्यूज’ हा ग्रंथ १९६२ साली प्रसिद्ध झाला. जेबर गुब्रियम यांनी एका अमेरिकी शुश्रूषागृहात दीर्घकाळ वावरून १९७५ साली जे चित्र रेखाटले, त्यात अधिकारीवर्गाचे जग, मजल्यावरील सेवकांचे जग आणि निवाशांचे जग ही एकाच छपराखाली एकमेकांस अपरिचित राहतात, हे प्रत्ययाला येते. परंतु असे वर्णन कितीही मर्मग्राही असले तरी दोन आश्रमांची, अथवा एकाच आश्रमाच्या प्रशिक्षणापूर्वीच्या व नंतरच्या स्थितीची तुलना त्यावरून करता येत नाही. म्हणून वर्णनाकडून गणनेकडे वळणे भाग पडले. ब्रॅडफर्ड विद्यापीठात टॉम किटवुड व त्यांचे सहकारी यांनी विकसित केलेल्या ‘डिमेन्शिया केअर मॅपिंग’ या पद्धतीत निरीक्षक कित्येक तास काही मोजक्या निवाशांवर लक्ष ठेवतो, दर पाच मिनिटांनी प्रत्येकाची क्रिया व मनःस्थिती संकेतांकांनी नोंदवितो, आणि वृद्धाचे माणूसपण खच्ची करणारे किंवा फुलविणारे सेवकांचे वर्तन वेगळे टिपतो. १९९३ मध्ये डीन, प्राउडफुट व लिंडसे यांनी मांडलेली परस्परव्यवहारांच्या गुणवत्तेची अनुसूची त्याहून सुटसुटीत आहे. तीत प्रत्येक व्यवहार पाचांपैकी एका कोटीत बसवावयाचा असतो: सकारात्मक सामाजिक, सकारात्मक परिचर्यात्मक, तटस्थ, नकारात्मक संरक्षक आणि नकारात्मक प्रतिबंधक.

अशा अनुसूचीची विश्वसनीयता म्हणजे काय? एकच प्रसंग दोन निरीक्षकांनी परस्परांस न विचारता नोंदविला तर त्यांचे निर्णय जुळतात की नाही, हे पाहणे. येथे पहिलाच फसवा खळगा आहे. आश्रमातील बहुसंख्य व्यवहार तटस्थ असतात. पेला ठेवला, चादर बदलली, झाले. समजा, तटस्थ आणि इतर अशा दोनच कोटी केल्या आणि दोन्ही निरीक्षकांनी शंभरांपैकी नव्वद व्यवहार तटस्थ ठरविले. तर त्यांनी डोळे मिटून खुणा केल्या असत्या तरीही सुमारे ८२ ठिकाणी त्यांचे मत जुळले असते. प्रत्यक्षात ९० ठिकाणी जुळले, तर ऐकताना भव्य वाटणाऱ्या त्या नव्वद टक्क्यांत योगायोगापलीकडची कमाई फार थोडी असते. जेकब कोहेन यांनी १९६० साली सुचविलेला कप्पा गुणक हा योगायोग वजा करतो, आणि वरील उदाहरणात तो ०.४४ इतकाच येतो. नुसत्या टक्केवारीवर समाधान मानणाऱ्या अहवालाकडे म्हणूनच सावधपणे पाहिले पाहिजे. ज्या दहा व्यवहारांत वृद्धाचा मान राखला जातो किंवा जातो, नेमक्या त्याच दहांविषयी निरीक्षकांत मतभेद असू शकतो.

तथापि कप्पा गुणक उत्तम आला म्हणजे काम झाले, असेही नव्हे. दोन निरीक्षक एकाच शहरातले, एकाच शिक्षणाचे, एकाच तऱ्हेची प्रमाण बोली बोलणारे असतील, तर ते एकच चूक एकमुखाने करतील आणि गुणक त्यांची पाठ थोपटील. सहमती हे सत्याचे प्रमाणपत्र नव्हे, ही गोष्ट संख्याशास्त्राला मान्यच आहे. परंतु भाषेच्या क्षेत्रात तिचे स्वरूप विशेष गंभीर होते. कारण येथे निरीक्षक काय पाहतो यापेक्षा काय ऐकतो हे महत्त्वाचे, आणि कानाला जात, प्रांत, वर्ग ही सारी चिकटलेली असतात.

इंग्रजीत वृद्धांशी बोलण्याच्या एका विशिष्ट ढबीला ‘एल्डरस्पीक’ असे नाव पडले आहे. तिची लक्षणे अशी सांगितली जातात: उंचावलेला स्वर, लहान मुलांशी बोलताना येणारे हेल, ‘हनी’, ‘स्वीटी’ यांसारखी लाडिक संबोधने, आणि ‘तुम्ही’च्या जागी ‘आपण दोघे’ अशा अर्थाचे अनेकवचन. लिंडा कॅपोराएल यांनी १९८१ साली दाखविले की शुश्रूषागृहातील सेवकांच्या या बोलण्यातील शब्द गाळून केवळ सूर ऐकविला, तर ते बालकाशी चालले आहे की वृद्धाशी, हे श्रोत्यांना ओळखता येत नाही. क्रिस्टीन विल्यम्स व सहकारी यांनी २००९ मध्ये चित्रफितींच्या आधारे असे आढळून आणले की स्मृतिभ्रंश झालेल्या व्यक्तींशी असे बोलले असता आंघोळ वा कपडे घालताना होणारा त्यांचा विरोध वाढतो. संशोधन मोलाचे आहे. मात्र ही लक्षणयादी मराठीत किंवा अन्य भारतीय भाषेत जशीच्या तशी उतरविणे म्हणजे विश्वसनीय रीतीने चुकीचे मोजणे होय.

‘आपण’ हे सर्वनाम घ्यावे. “आजोबा, आपण आता औषध घेऊ या” हे वाक्य यादीप्रमाणे दोषास्पद ठरेल, कारण औषध घेणार आजोबा, बोलणारी सेविका नव्हे. परंतु मराठीत वक्ता-श्रोता दोघांना कवेत घेणारे ‘आपण’ आणि श्रोत्याला वगळणारे ‘आम्ही’ हे वेगळे आहेत. इंग्रजीत तो भेदच नाही. गुजरातीत ‘आपणे’ व ‘अमे’, तमिळमध्ये ‘नाम्’ व ‘नाङ्गळ्’, तेलुगूत ‘मनम्’ व ‘मेमु’ अशा जोड्या आहेत. हिंदीचे ‘हम’ मात्र इंग्रजीप्रमाणे एकटेच. ज्या भाषेत भेद आहे तेथे समावेशक रूप वापरणे हे आज्ञा सौम्य करण्याचे नित्याचे साधन असते. बँकेतला कारकूनही ग्राहकाला “आपण इथे सही करू या” असे म्हणून जातो आणि कोणाचा अपमान होत नाही. शिवाय मराठीत हेच ‘आपण’ अत्यादरार्थी द्वितीय पुरुषीही आहे. “आपण औषध घेतलंत का?” या वाक्यात सर्वनाम तेच, अर्थ निराळा, निर्णय क्रियापदाच्या शेपटीवर अवलंबून. सर्वनामांवर खुणा करीत जाणाऱ्या निरीक्षकाची वही येथे निकामी ठरते.

त्याहून गुंतागुंतीचे आहे ते तृतीय पुरुषी बोलणे. किटवुड यांनी वर्णिलेल्या माणूसपण हिरावणाऱ्या वर्तनांत, व्यक्ती समोर असून ती नसल्याप्रमाणे तिच्याविषयी इतरांशी बोलणे हे एक ठळक वर्तन आहे. आता मराठी सेविका आजोबांकडे पाहत म्हणते, “आजोबांनी आता दोन घास खाऊन घ्यायचेत बरं का.” व्याकरणाने आजोबा येथे तृतीय पुरुषी, परंतु बोलणे त्यांच्याशीच. आदराने नाव किंवा ‘तुम्ही’ टाळण्याची ही जुनी घरगुती रीत आहे. पण “बाळाने आता झोपायचं” हे आईचे वाक्यही नेमके याच घडणीचे. म्हणजे एकच वाक्यरचना सन्मानाची व बालीकरणाची अशी दोन्ही कामे करते. निर्णय कशावर? नजर कोठे होती, स्वर कसा होता, आणि त्या आजोबांना आयुष्यभर घरात कसे बोलले जात होते, यांवर. यांपैकी पहिल्या दोन गोष्टी निरीक्षक टिपू शकतो. तिसरी त्याला विचारूनच कळेल.

‘तू’ आणि ‘तुम्ही’ यांची कथा सर्वांना ठाऊक आहे, म्हणून तिच्यावर फार रेंगाळण्याचे कारण नाही. ब्राउन व गिलमन यांनी १९६० साली सर्वनामांत सत्ता आणि सख्य असे दोन अक्ष दाखविले. मराठी कुटुंबात ते दोन्ही एकाच चौकटीत नांदतात. आईला आणि आजीला ‘तू’, वडिलांना आणि आजोबांना बहुधा ‘तुम्ही’. त्यामुळे आश्रमातील सेविकेने “आजी, जेवलीस का?” आणि पलीकडच्या खाटेवर “आजोबा, जेवलात का?” असे विचारले, तर आदराची विषम वाटणी झाली असे पत्रकावर दिसेल, वस्तुतः तेथे नात्याची रूढी बोलत असते. बंगालीत आईला ‘तुमि’ म्हणतात. ‘तुइ’ त्याहून निराळे. कोकणीतील ‘तूं’चे क्षेत्र मराठीतील ‘तू’पेक्षा विस्तृत आहे, आणि गोव्यात प्रोव्हेदोरियाच्या वृद्धाश्रमांत निरीक्षणास बसणाऱ्या मराठीभाषकाने हे आधी शिकून घेतले पाहिजे. उलट, रूढी आहे म्हणून प्रत्येक ‘तू’ निर्दोष, असा निष्कर्षही काढता येणार नाही. निवृत्त मुख्याध्यापिकेला चाळीस वर्षे सारे गाव ‘बाई’ आणि ‘तुम्ही’ म्हणत आले. आश्रमाच्या दारात तिची ‘आजी’ झाली आणि ‘तुम्ही’चे ‘तू’ झाले, तर तिचे काहीतरी काढून घेतले गेलेच. आजी हे नाते आहे. ज्या बाईला मूल झाले नाही तिच्यावर ते लादलेलेही असू शकते. गंमत अशी की याच आश्रमांत ऐंशी वर्षांची बाई पंचवीस वर्षांच्या सेविकेला ‘मावशी’ आणि सेवकाला ‘मामा’ म्हणते, कारण इस्पितळांनी मराठीत ते हुद्देच करून टाकले आहेत. या ‘मावशी’त किती नाते आणि किती नोकरी, हे कोणत्या रकान्यात लिहावे?

या प्रश्नांची उत्तरे देण्यास लागणारी सामग्री भारतीय भाषाविज्ञानात काही अंशी आधीच उपलब्ध आहे, ही आनंदाची बाब. चार्ल्स फर्ग्युसन यांनी १९६४ साली सहा भाषांतील बालभाषेची तुलना केली, त्यांत मराठी एक होती. आणि त्याच वर्षी अशोक केळकर यांचा मराठी बालभाषेवरील स्वतंत्र निबंध ‘वर्ड’ या नियतकालिकात प्रसिद्ध झाला. म्हणजे ‘मंमं’, ‘गाई करणे’ यांसारख्या शब्दांची व त्यांच्या उच्चारविशेषांची शास्त्रीय नोंद मराठीत साठ वर्षांहून अधिक काळ आहे. वृद्धाशी बोलताना यांपैकी काय उतरते आणि काय उतरत नाही, याची पडताळणी करण्यास हा पाया पुरेसा भक्कम आहे. ती करताना एक सावधगिरी हवी. कॅपोराएल यांच्याच १९८३ च्या पुढील अभ्यासात असे दिसून आले की ज्या निवाशांची कार्यक्षमता अधिक खालावली होती त्यांना असे लाडिक बोलणे इतरांपेक्षा अधिक आवडत होते. तेव्हा ‘बालभाषा म्हणजे अवमान’ असे समीकरण इंग्रजीतही सरसकट टिकत नाही. मग मराठीत ते गृहीत धरून गुण कापणे हा निव्वळ उतावळेपणा होईल.

उतावळेपणाची किंमत कोण मोजते, हेही स्पष्ट बोलले पाहिजे. गुणपत्रक आले की शेरे येतात, शेऱ्यांमागून समज दिली जाते, आणि कमी पगाराच्या कंत्राटी नोकरीत समज म्हणजे बहुधा निरोप. खेड्यातून आलेली, मोठ्याने बोलणारी, “काय गं म्हातारे, रुसलीस व्हय?” म्हणत केस विंचरून देणारी सेविका नकारात्मक कोटीत जाईल, आणि “आपण बसावे” असे शुद्ध बोलून पाठ फिरविणारी सकारात्मक कोटीत. पत्रक सुधारेल. त्या खोलीत दिवसभरात कोणी हसले नाही, ही नोंद करण्यास त्यात रकाना नसेल.

शब्दांखेरीज कृतींतही हाच पेच आहे. मार्ग्रेट बाल्टिस यांनी अमेरिकेत व जर्मनीत केलेली निरीक्षणे या क्षेत्रातील सर्वांत फलदायी म्हणावी लागतील. त्यांनी सुटे व्यवहार मोजले नाहीत, तर क्रम मोजला: वृद्धाने काय केले आणि त्यामागोमाग सेवकाने काय केले. वृद्धाने मदत मागितली वा परावलंबी वर्तन केले की सेवक तत्परतेने धावतो. त्याने स्वतःहून काही केले की त्याकडे लक्षच जात नाही. परावलंबनाला प्रतिसाद आणि स्वावलंबनाकडे दुर्लक्ष, ही त्या संस्थांची अलिखित संहिता ठरली, आणि वृद्ध परावलंबी का होत जातात याचा एक धागा हाती लागला. हे क्रमनिरीक्षण भारतात अवश्य व्हावे. मात्र वडीलधाऱ्यांना हातात ताट देणे, पाण्याचा तांब्या भरून आणून ठेवणे याला आपल्याकडे सेवा म्हणतात, आणि ते न होणे ही उपेक्षा मानली जाते. सेरा लॅम्ब यांच्या २००९ च्या ग्रंथात कोलकात्याच्या वृद्धाश्रमांचे जे चित्रण आहे, त्यात सेवा ही कल्पना केंद्रस्थानी आहे. वृद्ध स्वतः उठू शकत असताना त्याला उठू न देणे ही सेवा की बंधन? ‘आमच्या संस्कृतीत असेच असते’ हे उत्तर सोयीचे आहे, आणि आश्रमचालकांना ते फारच सोयीचे आहे. हाताखाली माणसे कमी असली की भरवून मोकळे होणे हे खाऊ देण्यापेक्षा लवकर उरकते. म्हणून कृतीची नोंद आणि तिच्या अर्थाची नोंद या दोन निराळ्या वह्यांत व्हाव्यात. पहिलीत निरीक्षकाने केवळ क्रम लिहावा: हात पुढे केला, चमचा काढून घेतला, भरविले. दुसरीत त्या वृद्धाचे म्हणणे यावे. ते सांगता येण्याजोगे नसेल तर त्याचा चेहरा, मान वळविणे, मूठ आवळणे यावे. निरीक्षकाचे स्वतःचे मत यांपैकी कोणत्याही वहीत असू नये.

प्रत्येक भाषेत अनुसूचीपूर्वी वाक्यांचा संग्रह झाला पाहिजे. आश्रमांत प्रत्यक्ष बोलली जाणारी वाक्ये, त्यांच्या प्रसंगासह व सुरासह गोळा करावीत. ती निरनिराळ्या बोलींच्या वृद्धांना ऐकवून ‘हे तुम्हाला कोणी म्हटले तर कसे वाटेल’ असे विचारावे. आणि मग कोटी ठरवाव्यात. विश्वसनीयतेची कसोटी घेताना दोन निरीक्षक मुद्दाम भिन्न पार्श्वभूमीचे निवडावेत, एक पुण्याचा पदवीधर तर दुसरा मराठवाड्यातून किंवा तळकोकणातून आलेला. त्यांचा गुणक कमी येईल. तो कमी येणे हा दोष न मानता, कोणत्या वाक्यांवर मतभेद झाला याची यादी करावी, कारण संशोधनाचा खरा ऐवज त्या यादीत आहे. कादंबरीत एखादे पात्र कोणत्या पानावर ‘तुम्ही’वरून ‘तू’वर आले, हे साहित्याचे अभ्यासक सवयीने टिपतात. हे कसब आजवर छापील पानापुरते राहिले. विद्यापीठांच्या भाषाविभागांनी ते परिचर्याशास्त्राच्या विद्यार्थ्यांबरोबर वाटून घेण्यास कोणतीच अडचण नसावी. अडचण असलीच तर ती विभागांच्या भिंतींची आहे.

काही मर्यादा भाषेने सुटणाऱ्या नाहीत. किटवुडप्रणीत पद्धतीत निरीक्षक सार्वजनिक दालनांतच बसतो, आणि ते योग्यही आहे. पण सर्वांत नाजूक व्यवहार न्हाणीघरात, शौचालयात आणि रात्री दोन वाजता होतात. तेथे कॅमेरा लावावा, असे सुचविणारे निघतील. भारतीय आयुर्विज्ञान अनुसंधान परिषदेची २०१७ ची मार्गदर्शक तत्त्वे संस्थांत राहणाऱ्या व संमती देण्यास असमर्थ व्यक्तींबाबत विशेष संरक्षणाची अपेक्षा करतात, आणि विवस्त्र वृद्धाचे चित्रीकरण कोणत्याही ज्ञानलाभाने समर्थनीय ठरत नाही. दाराबाहेर बसून केवळ आवाज ऐकणे हा मध्यममार्ग काही प्रमाणात शक्य आहे, अर्थात संमतीनेच. निरीक्षक समोर असला की सेवक गोड बोलतात, ही हरकत मात्र वाटते तेवढी मोठी नाही. गोड बोलण्याची त्यांची कल्पना काय, हे तरी त्यातून कळते. आणि तिसऱ्या-चौथ्या दिवशी कामाच्या रेट्यात निरीक्षकाचा विसर पडतो.

महानगरांतील आश्रमांत तर दोघांची भाषाच वेगळी असते. मुंबईत मराठी वृद्धा आणि मल्याळी परिचारिका यांचे बोलणे हिंदीत होते, आणि ती हिंदी दोघींचीही मातृभाषा नसते. त्या हिंदीत ‘आप’चा वावर कमी; ‘तुम’ सर्वांना चालते. परिचारिकेचे ‘तुम’ उर्मट नसते. वृद्धेच्या कानाला ते कसे लागते, हे तिच्या पूर्वायुष्यावर ठरते. तिच्या तोंडी मात्र घाईत मराठी येते, आणि परिचारिका अंदाजाने मान डोलावते. अशा खोलीत बसणाऱ्या निरीक्षकाला निदान तीन भाषा कळाव्या लागतील. त्या त्याला येत नसतील, तर त्याने कोटी ठरवू नयेत. जे बोलले गेले ते उच्चारले तसे, ज्या भाषेत बोलले गेले त्याच भाषेत, अनुवाद न करता उतरवून आणावे. पुढचे काम भाषाविभागात बसून करता येईल.